काळ्या कपड्यातली सवाष्ण

माझ्या सासूबाई अमेरिकेला बोटीने आल्या. जहाज म्हटलेलं त्यांना आवडत नाही. "जहाज मालाचं गं, माणसांची बोट," असं त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सुनावलं होतं. मी नागपूरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तोच मुळी मुंबईत विमानतळाकडे जाताना, टॅक्सीच्या खिडकीतून, त्यामुळे त्या विषयावर मी गप्प बसले. बाकी कुठल्या विषयावर मी गप्प बसल्याचं आमच्या घरात कुणाला आठवत नाही.

मी आले ती विमानाने, दोन बॅगा घेऊन, झोपेत. डोळे उघडले तर न्यूअर्क. सासूबाईंना याची फार कीव यायची. "म्हणजे आपण आलो कधी ते तुला कळलंच नाही म्हण की," त्या म्हणायच्या. त्यांना मात्र चांगलं कळलं होतं. मुंबईहून एका बोटीने इटली, मग नेपल्सहून दुसऱ्या बोटीने अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्क. साठचं दशक, जानेवारी महिना, वय एकवीस. लग्न होऊन काही महिने झालेले, आणि त्यातले बरेचसे नवरा अमेरिकेत ॲन आर्बरला आणि बायको साताऱ्यात, असे गेलेले.

न्यू जर्सीत एडिसनच्या या घरात मी रुळले ती त्या दुसऱ्या बोटीच्या गोष्टी ऐकतच. खालच्या मजल्यावरची केबिन, तीत चार बायका, इंजिनाची धडधड गादीतून थेट पाठीत. ट्रंकेत मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि भाजलेले पोहे. जेवणाच्या हॉलमध्ये प्रत्येकाचं टेबल ठरलेलं. पांढऱ्या कोटातला वेटर रोज विचारायचा आणि सासूबाई रोज सांगायच्या, नो मीट, नो फिश, नो एग. तो बिचारा डोकं खाजवत जायचा आणि उकडलेला बटाटा घेऊन यायचा. कधी लांबलचक शेवया आणि वर टोमॅटोचं सार. त्या शेवयांना स्पॅगेटी म्हणतात हे त्यांना ॲन आर्बरला गेल्यावर कळलं.

टेबलाला समोरच्या खुर्चीत एक इटालियन बाई असायची. पन्नाशीची, न्यू जर्सीतल्या मुलाकडे कायमची निघालेली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. ती रोज एक संत्रं सोलायची, शिरा काढायची आणि फोडी सासूबाईंच्या बशीत ठेवायची. सासूबाई तिच्या भातावर मेतकूट भुरभुरवायच्या. ते तिला आवडायचं की ती भिडेखातर खायची, यावर सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

"आणि मग आली संक्रांत," असं म्हणून सासूबाई थांबायच्या. सासरे खुर्चीत सरसावून बसायचे, कारण पुढे त्यांची एन्ट्री होती.

लग्नानंतरची पहिली संक्रांत. आईने ट्रंकेत काळी चंद्रकळा घालून दिलेली, आणि एका डब्यात हलव्याचे दागिने. दागिन्यांचा दमट हवेने चिकट गोळा झाला होता. बोट डुलतेय, पोटात ढवळतंय, पण पहिला सण म्हणजे पहिला सण. सासूबाई चंद्रकळा नेसून भिंतीला धरत धरत जेवायला गेल्या. समोरची बाई रोज काळ्यातच असायची. काळा झगा, काळे मोजे, डोक्याला काळा रुमाल. सासूबाईंना वाटायचं, हौस असते एकेकीला. आज आपल्यालाही काळ्यात बघून खूश होईल. तर ती बाई ताडकन उठली, छातीवर क्रूस केला, सासूबाईंना गच्च मिठी मारली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. अख्खं टेबल जेवायचं थांबलं. "मला वाटलं, अगंबाई, यांच्यातपण संक्रांत असते की काय!"

उलगडा झाला तो न्यूयॉर्कच्या धक्क्यावर. बाईला न्यायला तिचा मुलगा आला होता, त्याला इंग्रजी येत होतं. आईचं म्हणणं ऐकून तो गंभीर चेहऱ्याने पुढे आला, टोपी काढली आणि सासूबाईंना म्हणाला, तुमचे पती गेल्याचं ऐकून फार वाईट वाटलं, बोटीवर तार आली होती ना? आणि नेमके तेव्हाच सासरे, बाह्या लांब झालेला उसना ओव्हरकोट घालून, समोरून धावत आले. "मयत इसम बायकोला न्यायला जातीने हजर!" असं म्हणून सासरे दोन्ही हात वर करायचे आणि पार्टी हसून लोळायची. त्यांच्याकडे नवरा गेला की बाई जन्मभर काळं घालते हे आपल्या नवरीला काय माहीत, आणि आपल्याकडे नवी नवरी संक्रांतीला काळं नेसते हे त्या बाईला काय माहीत. मी ही गोष्ट शंभरदा ऐकली असेल. मंडळाच्या पिकनिकला, दिवाळीला, मुलीच्या बारशाला. दर वेळी हसले.

सासऱ्यांनी त्या बोटीची कुंडली जमवून ठेवली होती. युद्धानंतर इटलीच्या खेड्यापाड्यांतली माणसं इकडे आणायला म्हणून ती बांधली. वर फर्स्ट क्लासमध्ये झुंबरं आणि बँड, खाली टुरिस्ट क्लासमध्ये गाद्यांच्या वळकट्या, चीजचे गोळे आणि परसात लावायला ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या अंजिराच्या फांद्या. मग जेट विमानं आली आणि माणसं आठवड्याऐवजी एका रात्रीत यायला लागली. बोट रिकामी धावायला लागली. विकली. नाव बदललं, रंग बदलला, सहलीची बोट केली. मग कुठल्याशा बंदरात हॉटेल म्हणून उभी केली. तेही चालेना. फिरत फिरत ती आमच्या घरापासून दोनेक तासांवर, नदीकाठच्या एका पडीक धक्क्याला येऊन लागली आणि तिथेच गंजत राहिली. हायवेवरच्या पुलावरून तिची धुराडी दिसतात. त्या पुलावर सासरे गाडी हळू करायचे आणि दोनदा हॉर्न वाजवायचे. मागचे लोक बोंबलायचे. "बोंबलू देत," सासरे म्हणायचे, "त्यांची कुठे बोट आहे?" मला ते हॉर्न फार आठवतात.

सासरे जाऊन आता तिसरं वर्ष. ते गेले आणि बोटीची गोष्टही गेली. मयत इसम जातीने हजर, हे आता कोण कुणाला सांगणार!

गोष्ट बंद झाली त्याचं मला वाईट वाटलं, पण सासूबाईंनी जे दुसरं बंद केलं त्याचा मला राग आला. दर वर्षी संक्रांत ते रथसप्तमीच्या मधल्या एखाद्या रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू असतं. चाळीस-पन्नास बायका येतात. हे सुरूच केलं सासूबाईंनी, मी घरात यायच्या कितीतरी आधी, जेव्हा इथे तीळसुद्धा चिनी दुकानात शोधायला लागायचे. सासरे गेल्यावर पहिल्या वर्षी त्या आदल्या दिवशी माझ्याबरोबर ओक ट्री रोडच्या देशी दुकानांत आल्या, वाण निवडलं, लाडू वळले, आणि बायका यायच्या वेळेला म्हणाल्या, "माझं डोकं दुखतंय गं," आणि वर जाऊन बेडरूमचं दार लावून घेतलं. दुसऱ्या वर्षीही डोकं दुखलं. कपाळावरची टिकलीही कधी गेली ते कळलं नाही. ही बाई टर्नपाइक हायवेवर ट्रकवाल्यांना कट मारायची, तीस वर्षं लायब्ररीत नोकरी केली, माझ्या लग्नात तिने भटजींना "पटपट आटपा" म्हणून दटावलं होतं! कुणी तिला खाली येऊ नका म्हटलं नव्हतं. म्हणायची कुणाची छाती होती?

या वर्षी मी आधीच जाहीर करून टाकलं. "आई, या रविवारी तुमचं डोकं दुखणार असेल तर मी हळदीकुंकू कॅन्सल करते. मेसेज टाकते ग्रुपवर."

"तू लहान आहेस," त्या म्हणाल्या.

"मी पन्नास वर्षांची घोडी आहे!"

"ओरडू नकोस. माझं काही अडलेलं नाही तुमच्या कुंकवावाचून," एवढं बोलून त्या तीळ भाजायला वळल्या. मी धुसफुसत राहिले. नवऱ्याने दोघींकडे बघितलं आणि शहाण्यासारखा बर्फ काढायला बाहेर गेला.

त्याच आठवड्यात नवऱ्याच्या फोनवर बातमी आली, की ती बोट आता ओढून नेणार. दूर दक्षिणेकडे समुद्रात नेऊन बुडवणार, म्हणजे तळाशी माशांना घर होईल. सासूबाईंनी बातमी दोनदा वाचून घेतली. "म्हातारपणी कामाला लावलं म्हण की तिला," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "मला घेऊन चल."

शनिवारी आम्ही दोघीच गेलो. पुलावर मी दोनदा हॉर्न वाजवला. त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

धक्क्याला तारेचं कुंपण होतं आणि आत सोडत नव्हते. कुंपणाशी बरीच माणसं जमली होती, म्हातारीकोतारी जास्त, कोणी नातवंडांना खांद्यावर घेतलेलं. अशी थंडी होती की नाकातलं पाणी गोठावं. मी पहिल्यांदाच बोट एवढ्या जवळून बघत होते. अबब! आमचा सगळा टाउनहाउसांचा कॉम्प्लेक्स आडवा ठेवला तरी लांबीला कमी पडेल. पण रंगाचे पापुद्रे लोंबत होते आणि गंजाचे ओघळ पाण्यापर्यंत आले होते. "रया गेली मेलीची," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी हातमोजा काढून बोटाने सगळ्यात खालची गोल खिडक्यांची ओळ दाखवली. "तिथे. त्यातली कुठली ते नको विचारूस."

शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. त्यांनी विचारलं, तुम्ही आला होतात का हिच्यावरून? सासूबाई हो म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांची आजीही आली होती म्हणे, त्याच सुमारास, नेपल्सहूनच.

"काळे कपडे घालायची?" सासूबाईंनी विचारलं.

"मरेपर्यंत," ते म्हणाले. "पुरलंसुद्धा काळ्यातच. मी तिला दुसऱ्या रंगात पाहिलंच नाही."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली, आणि मला म्हणाल्या, "चल, गाडीत बसू. गारठले."

गाडीत हीटर लावला. बोट समोरच होती, पण काच धुरकटल्यामुळे दिसत नव्हती. मी गाडी काढणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मी तिची ओटी भरली होती."

"कुणाची?"

"त्या बाईची. संक्रांतीच्या दिवशी. आम्ही पार्टीत सांगायचो ना, त्यात हे नसायचं. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही कधी."

मी गिअरवरचा हात काढला.

"ती काळं का घालते हे मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, पहिला सण आहे, समोर आयती सवाष्ण बसलीय, आणखी कुठे शोधायची बोटीवर? ती रडायची थांबली तशी मी तिला केबिनमध्ये नेलं. कुंकू लावलं, आधी मेण, मग पिंजर, व्यवस्थित. आईने नव्या घरात शिरताना म्हणून नारळ दिला होता, तोच तिच्या ओटीत घातला. तिने पदर कुठून आणायचा, झगाच धरला पुढे करून. आणि काय सांगू तुला, दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आली ती कपाळ पुढे करूनच. बोटाने दाखवलं, इथे लाव. मग रोज सकाळी. बोट न्यूयॉर्कला लागेपर्यंत."

"तिला काय वाटत असेल हो?"

"तेच तर! तिच्या लेखी माझा नवरा मेलेला. म्हणजे एक विधवा दुसरीला काहीतरी लावतेय. त्यांच्यात वर्षातून एकदा कपाळाला राख लावतात, तसलं काही वाटलं असेल. पण उतरताना ते कपाळभर कुंकू घेऊन उतरली गं ती. मुलगा बघतच राहिला. माझा मेलेला नवरा समोर जिवंत आला, तिला सगळं कळलं, तिने तोंडावर हात ठेवला, मग हसली. पण कुंकू नाही पुसलं. आणि मी? मला कळलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. विधवेला कुंकू लावलं, ओटी भरली, आणि त्या पावली संसाराला सुरुवात! पुढे किती वर्षं, ह्यांना साधा ताप आला तरी मी रात्रभर उशाशी बसून राहायचे."

"आणि संसार कसा झाला?"

"सोन्यासारखा झाला," त्या म्हणाल्या आणि नाक पुसायला लागल्या.

इथे मी शांत राहायला हवं होतं. पण नाही राहवलं. "मग आई, एवढं सगळं कळून तुम्ही वर दार लावून काय बसता? काही वाईट झालं नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? मला तर संताप येतो तुमचा!"

"अपशकुनाला मी घाबरत नाही. ते केव्हाच संपलं," त्या म्हणाल्या. "तुला कळत नाही. त्या बाईला लावताना माझा हात थांबला नाही, कारण मला ठाऊकच नव्हतं. इथे सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्या चांगल्या पोरी आहेत, लावतील. पण एकीचा तरी हात अर्धा क्षण थांबेल. तो थांबलेला हात मला बघवायचा नाही. त्यापेक्षा डोकं दुखलेलं बरं."

मी बडबडत सुटले. "माझ्या घरात? कुणाची हिंमत आहे थांबायची? बघतेच मी!" त्या हसल्या.

रविवारी त्या खाली आल्या. मी बोलावलं नव्हतं, तोंडातून शब्द काढला नव्हता. हिरवट रंगाची साडी, केस नीट बांधलेले. बायका एकदम "काकू!" म्हणून उठल्याच. कुणी पाया पडलं, कुणी मिठी मारली, कुणी म्हणालं, यार काकू, तुमचे लाडू खाऊन खाऊन मी तुम्हाला मिस करत होते. त्या सोफ्यावर मधोमध बसल्या. आनंदाने मला नुसतं भरून आलं. सोफ्याच्या टोकाला बसलेलीपासून सुरुवात करून मी एकेकीला हळदीकुंकू लावत सरकायला लागले. प्रत्येकीशी दोन शब्द, एक हसणं. मग सासूबाई.

आणि माझा हात थांबला.

अर्धा क्षणसुद्धा नसेल. बोट कुंकवात बुडालेलं, हात वर गेलेला, आणि तिथेच. का, ते मला आजही सांगता येणार नाही. मी ठरवून आले होते, आदल्या दिवशी तावातावाने भांडले होते. बाकी एकीच्याही डोळ्यांत काही नव्हतं, सगळ्या आपापल्या गप्पांत होत्या. थांबला तो माझाच. सासूबाईंनी तो पाहिला. त्यांनी आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"आण इकडे," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातली कोयरी काढून घेतली. मला वाटलं, आता वर जातील. त्या उठल्या आणि सरळ खिडकीकडे चालायला लागल्या.

खिडकीशी, जेवणाच्या टेबलापलीकडे, समोरच्या घरातल्या मुलीची आई बसली होती, सहा महिन्यांसाठी कोल्हापूरहून आलेली. दारातच म्हणाली होती, "मी नुसती हिच्या सोबतीला आलेय हं, मी आपली इथे बसते." कपाळ मोकळं. मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला होता आणि पुढे गेले होते. त्यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

सासूबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या तशी ती गडबडली. अर्धवट उठून म्हणाली, "अहो, नको, माझे मिस्टर..."

"माझेही," सासूबाई म्हणाल्या, आणि लावलं.

ती बाई खाली बघत उभी राहिली. मग सासूबाईंनी कोयरी तिच्यापुढे धरली. तिने माझ्याकडे पाहिलं, आपल्या मुलीकडे पाहिलं, आणि कोयरीत बोट घातलं. ते बोट सासूबाईंच्या कपाळापर्यंत जाताना कुठेही थांबलं नाही.